स्वस्तातला छोटा प्रोजेक्टर घेताय? खोक्यावरचा आकडा नको, भिंतीवरचं चित्र बघा

सोयाबीनचे पैसे हातात आले की मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. त्यातली एक सध्या गावोगाव फिरतेय. डब्याएवढं पांढरं यंत्र, भिंतीवर दीडशे इंचाचं चित्र, समोर हसत बसलेलं कुटुंब आणि खाली ठळक अक्षरात ‘घरातच थिएटर, फक्त ५,९९९ रुपयांत’.

गेल्या वर्षभरात दहा-बारा जणांनी तरी मला विचारलं, “दादा, हे घ्यावं का?” मला विचारायचं कारण एवढंच की मी असे दोन घेतले. पहिला आठ दिवसांत परत केला. दुसरा दीड वर्षापासून घरात आहे आणि चालतोय. पहिल्या वेळी जे कळत नव्हतं ते दुसऱ्या वेळी कळलं, म्हणून फरक पडला.

लिहायचं खरं कारण मात्र शेजारच्या गावातली एक शाळा आहे. तिथं लोकवर्गणीतून अठरा हजारांचा प्रोजेक्टर घेतला. रोजानं जाणाऱ्या बायांनीही त्यात शंभर-शंभर रुपये घातले होते. खोक्यावर ‘९,००० ल्युमेन’ लिहिलेलं. सकाळी अकरा वाजता वर्गात लावला तर भिंतीवर नुसती फिकी सावली. खिडक्यांना पडदे नाहीत, दार उघडं, बाहेर कडक ऊन. आता तो कपाटात आहे. यंत्र बिघडलेलं नाही. ज्या कामाला घेतलं त्या कामाचं ते नव्हतं, आणि हे घेण्याआधी कुणी सांगितलं नाही.

घाईत असाल तर एवढं वाचा

• दिवसा, उजेडात बघायचं असेल तर स्वस्त प्रोजेक्टर घेऊ नका. त्या पैशात टीव्ही घ्या.
• रात्री, अंधारात, सगळ्यांनी मिळून बघायचं असेल तर प्रोजेक्टर चांगला.
• खोक्यावर नुसते ‘ल्युमेन’ लिहिलेले असतील तर तो आकडा सोडून द्या. ‘एएनएसआय ल्युमेन’ किती, ते विचारा.
• ‘४के सपोर्ट’ला भुलू नका. ‘नेटिव्ह’ किती, ते विचारा.
• आलेलं खोकं उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत खाली दिलेल्या चाचण्या करा.

आता एकेक मुद्दा सविस्तर.

आकडा पहिला : ल्युमेन, म्हणजे उजेड

प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. पण मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि फसवणूक इथंच होते.

एएनएसआय ही अमेरिकेतली प्रमाणं ठरवणारी संस्था. दुकानदार त्याला ‘अँसी’ म्हणतात. त्यांच्या पद्धतीत पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र टाकतात, पडद्याचे नऊ सारखे भाग करतात, प्रत्येक भागावर पडलेला उजेड मोजतात, सरासरी काढतात आणि पडद्याच्या क्षेत्रफळानं गुणतात. म्हणजे हा भिंतीवर खरोखर पोचलेला उजेड झाला.

स्वस्त यंत्रांच्या खोक्यावरचे ५,०००, ९,०००, १२,००० हे आकडे तसे मोजलेले नसतात. बऱ्याचदा तो आतल्या दिव्याचा उजेड असतो, आणि कधी कधी नुसताच छापलेला आकडा असतो. आतल्या दिव्याचा उजेड आणि भिंतीवरचा उजेड यात फार अंतर पडतं. या छोट्या यंत्रात एक एलईडी दिवा, त्याच्यापुढं मोबाईलच्या स्क्रीनसारखी छोटी एलसीडी काच आणि त्याच्यापुढं भिंग असतं. त्या काचेच्या फिल्टरमध्येच बहुतेक उजेड अडतो आणि त्याची उष्णता होते. विहिरीवर पंप मोठा आहे, पण पाईपलाईन दहा ठिकाणी गळतेय, तर शेताच्या शेवटच्या टोकाला किती पाणी पोचेल? तसंच हे.

पाच ते पंधरा हजारांच्या छोट्या प्रोजेक्टरमध्ये खरे एएनएसआय ल्युमेन साधारण १०० ते ४०० च्या आत असतात. शाळेच्या किंवा ऑफिसच्या उजेडातल्या खोलीसाठी जे प्रोजेक्टर वापरतात ते ३,००० आणि त्याच्या वरचे असतात. शेजारच्या गावातल्या शाळेचं गणित इथंच चुकलं.

आकडा दुसरा : इंच

‘दीडशे इंच’ हा आकडा खोटा नसतो, पण त्याचा उपयोग नसतो. प्रोजेक्टर मागं सरकवला की चित्र मोठं होतं, पण उजेड तेवढाच राहतो. तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि उजेड चौथाईवर येतो. फवारणीचा एक पंप अर्ध्या एकरावर मारा किंवा दोन एकरांवर मारा, औषध तेवढंच.

माझ्या प्रोजेक्टरचं टेपनं मोजून काढलेलं माप देतो. बहुतेक छोट्या यंत्रांचं माप याच्या आसपास येतं :

• भिंतीपासून ५ फुटांवर : चित्र ४ फूट रुंद, म्हणजे साधारण ५५ इंच
• ८ फुटांवर : साडेसहा फुटांच्या आत रुंद, साधारण ८८ इंच
• १० फुटांवर : ८ फूट रुंद, साधारण ११० इंच

इंच नेहमी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, हे लक्षात ठेवा.

प्रोजेक्टर खरे २०० ल्युमेन देत असेल, तर ५५ इंचाच्या चित्रावर दर चौरस मीटरला साधारण २४० ल्युमेन पडतात. ११० इंचावर ६०. घरात एक ट्यूब लावली की भिंतीवर साधारण १०० च्या आसपास उजेड असतोच. म्हणजे मोठं चित्र आणि ट्यूब एकाच वेळी चालू असेल तर ट्यूब जिंकते.

एक साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. चित्रात जिथं काळं दिसायला पाहिजे तिथं तुमची भिंत दिसते. भिंतीवर आधीच उजेड असेल तर काळा रंग राखाडी होतो, आणि रात्रीचा प्रसंग असला की पडद्यावर काय चाललंय ते कळत नाही. म्हणून प्रोजेक्टरला अंधार लागतोच.

आकडा तिसरा : रिझोल्यूशन

खोक्यावर ‘१०८०पी सपोर्टेड’ किंवा ‘४के सपोर्टेड’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ एवढाच की तसा व्हिडिओ दिला तर यंत्र तो नाकारणार नाही. तो त्या बारकाईनं दिसेलच असं नाही. हजार लिटरच्या टाकीवर दहा हजारांचा टँकर रिकामा केला तरी टाकीत हजारच लिटर राहणार.

टाकी किती मोठी, ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ सांगतं :

• ८५४ × ४८० : चार लाखांच्या थोडे वर ठिपके. मोठ्या चित्रात ठिपके डोळ्याला दिसतात, अक्षरं फुटतात. घेऊ नका.
• १२८० × ७२० : नऊ लाखांच्या वर. सिनेमा, कीर्तन, क्रिकेट यासाठी चालतं.
• १९२० × १०८० : वीस लाखांच्या वर. अक्षरं वाचायची असतील, मुलांचा अभ्यास असेल तर हेच बघा.

विकणाऱ्यानं पानावर कुठंच ‘नेटिव्ह’ लिहिलं नसेल तर ते लपवलंय असं समजून पुढं जा.

‘कॉन्ट्रास्ट १०,०००:१’ असला आकडा वाचूच नका. या किमतीत तो पडताळायला आपल्याकडं काही साधन नाही आणि त्यावरून काही ठरतही नाही.

आकडा चौथा : ३०,००० तास

दिव्याचं आयुष्य ३०,००० तास लिहितात. रोज तीन तास लावला तर हे दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षं होतात. एलईडी कदाचित टिकेलही, पण बाकीचं यंत्र टिकत नाही. आधी जातो पंखा. त्याच्या आधी धूळ शिरते.

स्वस्त यंत्रात पंख्याची हवा थेट काचेवरून जाते. आपल्याकडं फाल्गुन-चैत्रात मळणीची आणि रस्त्याची धूळ किती असते ते सांगायला नको. ती आत जाऊन काचेवर बसली की चित्रात धुरकट डाग दिसतात. गरम होऊन काचेची पट्टी करपली तर मधोमध पिवळट-तपकिरी चट्टा येतो आणि तो जात नाही. म्हणून ‘सील्ड इंजिन’, म्हणजे भिंग-काच बंद डब्यात असलेलं यंत्र मिळत असेल तर हजार-दीड हजार जास्त द्यायला हरकत नाही. डीएलपी जातीचे प्रोजेक्टर वेगळ्या पद्धतीनं, बारीक आरशांच्या चिपवर चालतात. त्यांच्यात धुळीचा त्रास कमी, पण ते महाग असतात.

घरी आल्यावर करायच्या आठ चाचण्या

दिवसा करू नका. रात्री, दिवे बंद करून, परत करायची मुदत असतानाच करा. मी पहिल्या प्रोजेक्टरच्या वेळी दुसऱ्या आणि पाचव्या चाचणीत दोष धरला, म्हणून पैसे परत मिळाले.

१. सातबाऱ्याची चाचणी. मोबाईलमध्ये सातबाऱ्याची पीडीएफ असतेच. ती भिंतीवर लावा. गट नंबर आणि क्षेत्र बसल्या जागेवरून वाचता येतं का? मधली अक्षरं स्पष्ट आणि कोपऱ्यातली पुसट असतील तर भिंग हलकं आहे. थोडाफार फरक चालतो, पण कोपरे वाचताच येत नसतील तर परत करा.

२. पूर्ण पांढरं चित्र. एखादा कोरा पांढरा फोटो लावा. एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला पिवळसर झाक आहे का? मधोमध लख्ख आणि कडेला अंधार आहे का? डाग दिसतात का?

३. पूर्ण काळं चित्र. काळा फोटो लावा. धुळीचे कण असतील तर ते चांदण्यांसारखे चमकतात. नव्या यंत्रात चमकत असतील तर ते आधी कुणीतरी वापरलेलं असू शकतं.

४. क्रिकेटची चाचणी. चेंडू सीमेकडं जाताना कॅमेरा फिरतो, तेव्हा चित्र अडखळतं का? खालची सरकती पट्टी तुटक दिसते का?

५. अर्ध्या तासाची चाचणी. सुरुवातीला फोकस नीट लावा आणि अर्धा तास चालू ठेवा. यंत्र तापलं की भिंग किंचित सरकतं आणि चित्र धूसर होतं. एकदा पुन्हा फोकस लावल्यावर टिकलं तर ठीक. दर वीस मिनिटांनी उठावं लागत असेल तर नको.

६. पंख्याचा आवाज. दोन फुटांवर बसून हळू आवाजातलं बोलणं ऐका. पंखाच जास्त ऐकू येत असेल तर रोज डोकं उठेल.

७. तिरका ठेवून बघा. यंत्र भिंतीसमोर सरळ नसेल तर चित्र समलंब होतं. ‘ऑटो कीस्टोन’ ते चौकोनी करतं, पण चौकोनी करताना चित्राचा काही भाग कापला जातो, म्हणजे बारकाई आणि उजेड दोन्ही कमी होतात. जमेल तेवढं यंत्रच सरळ ठेवायची सवय करा.

८. तुमचीच जोडणी लावून बघा. तुमचा मोबाईल, तुमचा डिश बॉक्स, तुमचा पेन ड्राईव्ह. मोफत डिशचे जुने बॉक्स अनेक घरांत आहेत आणि त्यांना फक्त लाल-पांढरी-पिवळी वायर असते, एचडीएमआय नसतं. प्रोजेक्टरला एव्हीचं भोक नसेल तर तो बॉक्स लागणार नाही.

मोबाईल जोडताना

‘मोबाईलची स्क्रीन भिंतीवर दिसेल’ असं सगळे सांगतात. प्रत्येक मोबाईलवर ते होत नाही. काही मोबाईलमध्ये ती सोयच नसते. वायरनं जोडायचं म्हटलं तर प्रत्येक मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकातून चित्र बाहेर येत नाही. घ्यायच्या आधी ज्याच्याकडं असा प्रोजेक्टर आहे त्याच्याकडं आपला मोबाईल लावून बघणं सगळ्यात बरं.

पैसे भरून बघायच्या अ‍ॅपचं आणखी वेगळं आहे. चोरून कॉपी होऊ नये म्हणून ती अ‍ॅप्स स्क्रीन दुसरीकडं पाठवू देत नाहीत. आवाज येतो, चित्र काळं राहतं. ज्या स्वस्त प्रोजेक्टरला त्या कंपनीची मान्यता नाही, त्यात अ‍ॅप चालत नाही किंवा पुसट चालतं. यंत्र बिघडलंय असं वाटतं, पण बिघडलेलं नसतं.

नेटचाही हिशोब धरा. ७२०पी चित्राला तासाला साधारण एक ते दीड जीबी जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये अख्खा सिनेमा बसत नाही. आमच्याकडं मी गावात नेट चांगलं असताना अ‍ॅपमध्येच डाउनलोड करून ठेवतो.

बँकेबाबत सावध

बऱ्याच छोट्या प्रोजेक्टरमध्ये आतच अँड्रॉइड असतं. ते जुनं असतं आणि त्याला पुढं अपडेट येत नाहीत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या प्रकाराबद्दल सावध केलं होतं. स्वस्त टीव्ही बॉक्स, डिजिटल प्रोजेक्टर अशा यंत्रांत विकत घेण्याआधीच किंवा सुरुवातीला अ‍ॅप टाकताना घातक सॉफ्टवेअर शिरतं आणि घरच्या नेटचा चोरून वापर होतो, असं त्यात म्हटलं होतं. प्रत्येक स्वस्त प्रोजेक्टर असा असतो असं नाही. पण काळजी घ्या :

• ज्या जीमेलवर बँक, फोनपे, आधारचे मेसेज येतात तो जीमेल प्रोजेक्टरमध्ये टाकू नका. त्यासाठी वेगळा काढा.
• ‘सगळे सिनेमे फुकट’ म्हणणारं अ‍ॅप टाकू नका.
• जमलं तर प्रोजेक्टरमधलं अँड्रॉइड वापरूच नका. नावाजलेल्या कंपनीची टीव्ही स्टिक एचडीएमआयला लावा. यंत्र बदललं तरी स्टिक आपलीच राहते.

वीज, इन्व्हर्टर आणि आवाज

विजेचा खर्च फार नाही. माझ्या यंत्रावर ७० वॅट छापलंय. तीन तास लावला तर ०.२१ युनिट, महिनाभर रोज लावला तरी सहा-सात युनिट. घरातल्या चांगल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर एक सिनेमा आरामात होतो.

त्रास होतो तो व्होल्टेजचा. रात्री मोटारी सुरू-बंद होतात तेव्हा दाब खाली-वर होतो. चांगला स्पाईक गार्ड लावा आणि वादळी पावसात वायर काढून ठेवा. बंद करताना थेट बोर्डाचं बटण दाबू नका. आधी रिमोटनं बंद करा, पंखा थांबू द्या, मग वीज काढा. आत साठलेली उष्णता बाहेर पडायला तो पंखा लागतो.

आतला स्पीकर एका खोलीपुरता असतो, अंगणात पुरत नाही. ब्लूटूथ स्पीकर लावला तर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तीन-साडेतीनशेची साधी ऑक्स वायर लांब घेऊन स्पीकर जोडला की हा त्रास जातो.

पडदा विकत घेऊ नका

आपल्याकडं भिंती निळ्या, हिरव्या, गुलाबी. त्यावर माणसांचे चेहरे आजारी दिसतात. सहा फूट बाय साडेतीन फूट एवढाच भाग पांढरा रंगवा, खर्च दोन-अडीचशे. भिंत रंगवायची नसेल तर मागची बाजू पांढरी असलेला जुना फ्लेक्स उलटा करून ताणून लावा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांमुळं गावात फ्लेक्सची कमी नाही. चादर लावली तर वाऱ्यानं हलते आणि उजेड आरपार जातो, त्यामुळं चित्र आणखी फिकं होतं.

माझ्या अंगणातला अनुभव सांगतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला लावला, काही दिसेना. साडेसातला दिसायला लागलं, पण फिकं. मग लक्षात आलं की ग्रामपंचायतीचा खांबावरचा दिवा थेट भिंतीवर पडतोय. घराच्या मागच्या भिंतीवर नेला आणि चित्र एकदम उठून दिसलं. यंत्र तेच, भिंत बदलली. पावसाळ्यात मात्र बाहेर लावत नाही. भिंगाच्या उजेडावर किडे येतात आणि पंख्यातून आत जातात. ते जाऊ नयेत म्हणून कापड झाकलं तर यंत्र तापतं.

लहान मुलांना भिंगात बघू देऊ नका. सावल्यांचा खेळ करायला पोरं पुढं येतातच, म्हणून यंत्र त्यांच्या डोळ्यांच्या वर ठेवलेलं बरं.

मग टीव्ही की प्रोजेक्टर?

आठ-बारा हजारांत ३२ इंची टीव्ही येतो. तो दिवसा दिसतो, अँटेना-डिश लगेच लागते, बटण दाबलं की चालू. घरात एकच वस्तू घ्यायची असेल आणि बायामाणसं दुपारी मालिका बघत असतील, म्हातारी माणसं सकाळी बातम्या लावत असतील, तर माझं मत सरळ टीव्हीला.

प्रोजेक्टर कुणी घ्यावा? घरात टीव्ही आहेच, रात्री जेवणं झाल्यावर आठ-दहा जण एकत्र बसतात, एखादी खोली पूर्ण अंधारी होते किंवा मागच्या अंगणात दिवा नाही, त्यांनी घ्यावा. असं घर असेल तर खरे २०० एएनएसआय ल्युमेन आणि नेटिव्ह ७२०पी एवढ्यात भागतं. चित्र ७०-८० इंचांच्या पुढं नेऊ नका.

शाळा आणि मंडळांसाठी

वर्ग दिवसा भरतो. खिडक्यांना जाड पडदे लावायची तयारी नसेल तर छोटा प्रोजेक्टर घेऊ नका. मोठा टीव्ही घ्या किंवा ३,००० च्या पुढचा, एएनएसआय ल्युमेन लिहिलेला प्रोजेक्टर घ्या. वर्गणीचा पैसा आहे. घेण्याआधी विक्रेत्याला वर्गातच, दिवसा, चालू करून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर घेऊ नका.

मंडळांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरगुती वर्गणी भरून घेतलेलं अ‍ॅप घरात बघण्यासाठी असतं. चौकात सगळ्यांना सिनेमा किंवा सामना दाखवायचा तर हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची परवानगी लागते, कॉपीराइट कायदा १९५७ तसं सांगतो. दुसरं म्हणजे ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सवलतीचे मोजके दिवस सरकार जाहीर करतं, तेवढेच.

फसलात तर काय करायचं?

• पक्कं बिल नसेल तर घेऊ नका. मोबाईलवरच्या जाहिरातीत नाव-पत्ता नाही, फक्त ‘डिलिव्हरीला पैसे द्या’ आहे, तर ती वस्तू कितीही स्वस्त असो, सोडा.
• ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ यात फरक आहे. पहिल्यात पैसे परत मिळतात, दुसऱ्यात तसलंच दुसरं यंत्र मिळतं. ऑर्डर करताना काय लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पानावरच्या ल्युमेनच्या दाव्याचाही काढा.
• ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणं ऑनलाईन विकणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवावं लागतं आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं.
• तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा.
• त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळं कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

मी पहिला प्रोजेक्टर परत केला तेव्हा विकणाऱ्यानं आधी नकार दिला होता. पांढऱ्या चित्रावरच्या डागांचा फोटो, अर्ध्या तासात धूसर होणारं चित्र आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवला. चौथ्या दिवशी माणूस येऊन घेऊन गेला.

शेवटी एवढंच

लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला आम्ही बैलगाडीतून जायचो. अंधार पडल्याशिवाय सिनेमा सुरू होत नसे, आणि तंबूवाला त्याबद्दल कुणाला खोटं सांगत नसे. आता जाहिरात सांगते की दिवसाढवळ्या दिसेल. दिसत नाही.

रात्री नऊच्या पुढं आमच्या मागच्या भिंतीवर आई कीर्तन लावायला सांगते. टीव्हीवरचं तिला नीट दिसत नाही, भिंतीवरचं दिसतं. माझे नऊ हजार तिथं वसूल झाले. शेजारच्या गावच्या शाळेला मी सांगितलंय की प्रोजेक्टर कपाटात ठेवू नका. पालकसभा संध्याकाळी सातनंतर घ्या आणि तेव्हा लावा. बघू काय करतात.

तुम्हाला घ्यायचाच असेल तर पैसे भरायच्या आधी एक काम करा. गावात ज्याच्याकडं आहे त्याच्या घरी रात्री जा, आपल्या मोबाईलमधला सातबारा भिंतीवर लावा आणि गट नंबर वाचता येतो का बघा. वाचता आला तर कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहून घ्या. नाही आला तर चहा पिऊन घरी या.